सहा आठवड्यांचा संसार: नागपुरात रुग्णांच्या कुटुंबांसाठी घर सुरू करताना

तुम्ही लिहिलंत की हनुमाननगरातलं आईचं जुनं घर रिकामं पडलं आहे. चार खोल्या, मागे अंगण, संडास आणि न्हाणी अंगणात. उपचारांसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या आणि हातात पैसा नसलेल्या कुटुंबांना ते काही दिवस राहायला द्यावं, अशी तिघा भावंडांची इच्छा आहे. कोणाला द्यावं, किती दिवस द्यावं, पैसे घ्यावेत का, कागदपत्रं काय लागतात आणि बाहेर आईच्या नावाचा फलक लावावा का, हे तुमचे प्रश्न आहेत. मी एकोणीस वर्षं नागपुरात हेच काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचं घर मोक्याच्या जागी आहे. मेडिकल (म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), त्याचं सुपर स्पेशालिटी आणि मानेवाडा रोडवरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल ही तिन्ही ठिकाणं तिथून जवळ पडतात. एम्स मिहानमध्ये आहे आणि राष्ट्रीय कर्करोग संस्था जामठ्याला. दोन्ही वर्धा रोडवर, शहराबाहेर. मेट्रो खापरीपर्यंत जाते हे खरं, पण केमो घेऊन मळमळत असलेल्या माणसाला आधी मेट्रोपर्यंत आणि मग खापरीहून पुढे पोचवणं हा एक वेगळाच प्रवास होतो. म्हणून पहिल्या वर्षी मेडिकल आणि तुकडोजी या दोनच ठिकाणच्या रुग्णांची जबाबदारी घ्या. नाही म्हणताना वाईट वाटेल. तरी म्हणा.

आता कोणाला द्यावं ते. वॉर्डात भरती असलेल्या रुग्णाचा नातेवाईक कसाबसा व्हरांड्यात रात्र काढतो. त्याचे हाल होतात, पण रुग्णाला निदान खाट असते. खरी पंचाईत होते ती ज्याला उपचार रोज घ्यायचे आहेत पण भरती करून घेण्याचं कारण नाही, त्याची. रेडिएशनचं उदाहरण घ्या. ‘शेक’ म्हणतात आपल्याकडे. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं, मशीनखाली काही मिनिटं झोपायचं आणि परत यायचं. असं पाच, सहा, कधी सात आठवडे. गडचिरोली नागपूरहून सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, आणि भामरागड तिथून आणखी तितकंच पुढे. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याचा माणूससुद्धा रोज येऊन-जाऊन करू शकत नाही. मग तो दहा दिवस येतो, पैसे संपले की गावी जातो आणि शेक अर्धवट सुटतो. मध्ये खंड पडला की गाठ आटोक्यात येण्याची शक्यता कमी होते, म्हणून डॉक्टर कळकळीनं सांगतात की एकही दिवस चुकवू नका. त्याला न चुकवण्यासाठी लागते ती एक खोली. तुमच्या घराचा सर्वांत मोठा उपयोग इथे आहे.

दुसऱ्या येतात बाळंतिणी. बाळ अपुऱ्या दिवसांचं, वजन दीड किलोच्या आत, काचेच्या पेटीत. आईला सुट्टी होते, पण बाळ तीन-चार आठवडे आतच राहतं. दर दोन-तीन तासांनी त्याला आईचं दूध हवं असतं आणि डॉक्टर तिला छातीशी धरायलाही बोलावतात. ओली बाळंतीण जिन्याखाली चादर टाकून झोपली तर तिचं दूध आटतं, ताप येतो. तिला जवळ खोली, गरम पाणी आणि पोटभर जेवण मिळालं तर बाळाला थेट फायदा होतो. ही कुटुंबं फार दिवस राहत नाहीत, पण निकड त्यांची सर्वांत जास्त असते.

तिसरी, रक्ताच्या कॅन्सरची लहान मुलं. त्यांचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. पहिले काही महिने दवाखान्याजवळच राहावं लागतं आणि नंतर तारखेतारखेला यावं लागतं.

आणि कोणाला घेऊ नये, हेही लिहिते. नवऱ्याच्या मारहाणीतून पळून आलेली बाई तुमच्या दाराशी आली तर तिला बसवा, पाणी द्या, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावा आणि सखी वन स्टॉप सेंटरला सोबत घेऊन जा. तिथे पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय असते, पोलीस आणि वकीलही जोडून मिळतात. तुमच्या घरचा पत्ता अख्ख्या मेडिकलला माहीत असेल, म्हणजे नवऱ्यालाही दुसऱ्या दिवशी कळेल. तिथे ती सुरक्षित नाही. रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी महापालिकेचे बेघर निवारे आहेत. ज्याला घरच नाही त्याची गरज सहा आठवड्यांत संपत नाही, आणि त्याला सहा आठवड्यांनी बाहेर काढणं तुम्हाला झेपणार नाही. एका घरातून सगळ्या प्रकारची मदत करायला गेलात तर कोणालाच नीट होत नाही. मी पहिल्या दोन वर्षांत ही चूक केली आहे.

कुटुंब निवडायचं काम स्वतःकडे ठेवू नका. शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. रुग्णाची परिस्थिती, उपचार किती दिवसांचे, सोबत कोण आहे, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांची चिठ्ठी घेऊन येईल त्यालाच खोली, एवढा एकच नियम ठेवा. ओळखीच्या नगरसेवकाचा फोन आला तरी तोच नियम. चार खोल्या आहेत म्हणून चार कुटुंबं घेऊ नका, तीनच घ्या. चौथी खोली मोकळी ठेवा. एखाद्या मुलाला कांजिण्या निघतात, कोणाला खोकला लागतो, तेव्हा वेगळं ठेवायला जागा लागते. शिवाय कधीतरी रात्री अकराला एखाद्या घरचे आठ लोक गावाहून येऊन उभे राहतात, कारण त्यांचं माणूस गेलेलं असतं. त्या रात्री त्यांना बसायला जागा लागते.

मुदत दिवसांत सांगू नका. ‘पंधरा दिवस’ म्हटलं की सोळाव्या दिवसाच्या भीतीनं माणसाची झोप जाते. आम्ही कार्डावर लिहितो: ‘शेक संपेपर्यंत, अंदाजे अमुक तारीख.’ किंवा ‘बाळाला सुट्टी होईपर्यंत.’ तारीख पुढे गेली तर डॉक्टरांच्या कागदावरून आपणच पुढची तारीख लिहायची, त्यांनी विनवण्या करायची वेळ येऊ द्यायची नाही. त्याच वेळी पहिल्या दिवशीच हेही बोलून घ्यायचं की परत कधी आणि कसे जाणार, गावी घरी कोण आहे, जनावरं कोण बघतंय, मुलं कोणाकडे आहेत. हे बोलणं झालं की माणूस इथे अडकल्यासारखा वागत नाही.

आता स्वयंपाकाचं लिहिते, कारण नवीन माणसं इथेच चुकतात. दानशूर माणसाला जेवण द्यायला आवडतं. मोठं पातेलं, रांग, वाढपी. आमच्याकडेही सुरुवातीला तसंच होतं. कुरखेड्याकडचं एक जोडपं आलं होतं. नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर होता, खर्ऱ्यानं, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणानं झालेला. आपल्या विदर्भात हे घरोघर दिसतं. शेक सुरू होऊन तिसरा आठवडा लागला, तोंड आतून सोलपटून निघालं होतं. आम्ही पोळी-भाजी, वरण-भात वेळेवर देत होतो. ताट जसंच्या तसं परत यायचं. आम्हाला वाटलं, भूक मेली असेल. चौथ्या दिवशी ती बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “ताई, एक चूल भेटन का मले?” आम्ही तिला गॅस दिला. तिनं गाठोड्यातून गावचा तांदूळ काढला, मऊ पेज शिजवली, फडक्यातून गाळली, गार होईपर्यंत फुंकत बसली आणि चमच्याचमच्यानं नवऱ्याला पाजली. अर्धा तास लागला. पण वाटी रिकामी झाली. त्या आठवड्यात आम्ही मोठं पातेलं बंद केलं.

तेव्हापासून प्रत्येक खोलीला स्वतंत्र ओटा, दोन बर्नरची शेगडी आणि पाच किलोचं छोटं सिलिंडर आहे. ते सिलिंडर ओळखपत्रावर मिळतं, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. भांडी थोडी पण पूर्ण द्या: कुकर, तवा, कढई, पोळपाट-लाटणं, चार ताटं-वाट्या आणि एक गाळणी. गोंदिया-गडचिरोलीकडच्या माणसाला दोन्ही वेळा भात लागतो, यवतमाळकडच्याला ज्वारीची भाकर, छिंदवाड्याच्या बाईला पोळी. तुम्ही कोरडा शिधा द्या, काय रांधायचं ते तिला ठरवू द्या. तिच्या हातून सगळं सुटलेलं असतं. शेत दुसऱ्याला वाहायला दिलेलं, पोरं नणंदेकडे ठेवलेली, कागद डॉक्टरांकडे. संध्याकाळी काय शिजवायचं हे तरी तिचं तिनं ठरवावं. खोलीची किल्लीही तिच्याच हातात द्या आणि दुसरी किल्ली तुमच्याकडे आहे हे तिला सांगून ठेवा. न विचारता आत जाऊ नका, स्वच्छता पाहायलासुद्धा नाही. अंगण आणि संडास झाडण्याची पाळी तिन्ही कुटुंबांत लावा. गाडगेबाबांच्या मुलखातली माणसं आहेत ही, हातात खराटा घ्यायला कोणी लाजत नाही. उलट काही काम केल्यानं त्यांना इथे राहायचा संकोच कमी वाटतो.

रेशनचं एक लक्षात ठेवा. ‘एक देश, एक रेशनकार्ड’मुळे गावच्या कार्डावरचं धान्य नागपुरातल्या दुकानातूनही उचलता येतं. आधार लिंक असावं लागतं, अंगठा द्यावा लागतो. सगळं इथे उचलायची गरज नाही. काही इथे आणि उरलेलं गावी घरच्यांनी, असंही होतं. बऱ्याच कुटुंबांना हे माहीत नसतं आणि ती किराणा दुकानातून विकतचा तांदूळ आणत राहतात. पहिल्या आठवड्यात त्यांच्यासोबत एकदा दुकानात जा.

पैसे घ्यावेत का? आम्ही पहिली सात वर्षं रोजचे दहा रुपये घेत होतो. फुकटची किंमत राहत नाही, असं आमचे एक विश्वस्त म्हणायचे आणि मलाही ते पटायचं. मग एकदा एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन खोली सोडून दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपायला गेली. तीन दिवसांचे तीस रुपये थकले होते आणि ते कसे सांगावे हे तिला समजेना. मुलाच्या पांढऱ्या पेशी तेव्हा अगदी उतरलेल्या होत्या, म्हणजे संसर्ग चटकन लागण्यासारखी स्थिती होती. दुसऱ्या रात्री त्याला ताप भरला. तो वाचला, पण पंधरा दिवस आत होता. ती चूक माझी होती, कारण नियम माझ्या सहीचा होता. त्यानंतर आम्ही एक पैसा घेतलेला नाही. दाराशी दानपेटीसुद्धा ठेवत नाही, कारण ती रुग्णाकडेच बघत असते. वीजबिल, गॅस, शिधा हा खर्च बाहेरच्या देणगीदारांनी उचलायचा आहे. तो उचलणारे नसतील तर तीनऐवजी दोन कुटुंबं ठेवा.

उपचारांच्या खर्चाचं पाहायला तुम्ही तज्ज्ञ व्हायची गरज नाही, पण चार गोष्टी माहीत असू द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जायचं. मध्य प्रदेशातल्या कुटुंबाकडे आयुष्मान कार्ड असेल तर ते इथल्या योजनेतल्या रुग्णालयात चालतं. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तो कायदा आहे, त्यांची मेहेरबानी नव्हे, आणि उत्पन्नाचा दाखला असला की ठामपणे मागता येतं. कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबत्याला पंचाहत्तर टक्के सवलत मिळते. त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. घरी परतल्यावर ज्यांच्याकडून काम होणार नाही, त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करता येतो. कॅन्सरचे रुग्ण त्यात बसतात. कमावता माणूस गेला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच वीस हजार रुपये मिळतात. ही सगळी माहिती एका कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि हिंदीत लिहून भिंतीवर लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती पहिल्या संध्याकाळी वाचून दाखवा. गडचिरोलीकडची माडिया ही आदिवासी भाषाच बोलणारं कोणी आलं तर समाजसेवा अधीक्षकांना सांगून दुभाषा मिळवा, खुणांवर भागवू नका.

घर दुरुस्त करताना रंगरंगोटीआधी तीन गोष्टींवर पैसा घाला. एक म्हणजे संडास. अंगणातला असेल तर रात्री तिथपर्यंत दिवा, धरायला दांडा, आणि निदान एक कमोड, कारण केमो चाललेल्या माणसाला उकिडवं बसवत नाही. दुसरं, नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, पत्र्याखालची खोली भट्टी होते. छताला पांढरा चुना, खिडकीला वाळ्याचे पडदे आणि प्रत्येक खोलीला कूलर. पण कूलरच्या टाकीत पाणी साठलं की डेंग्यूचे डास आलेच, म्हणून दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवायची. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं मूल असेल तर त्याची खाट कूलरच्या झोताखाली ठेवायची नाही. आपल्या भागात सिकलसेल बरंच आहे. गारठा लागला किंवा पाणी कमी पडलं की अशा मुलांच्या हाडांत कळा सुरू होतात. डिसेंबर-जानेवारीत त्यांना दोन रजया जास्त द्या. तिसरं, पाणी. प्यायचं पाणी उकळून ठेवायची सवय लावा आणि तेवढा गॅस हिशेबात धरा.

प्रत्येक खोलीत थर्मामीटर ठेवा आणि ते कसं बघायचं हे आईला शिकवा. केमो चाललेल्या मुलाला १००.४ ताप आला की रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात जायचं. सकाळची वाट पाहायची नाही, घरची क्रोसिनची गोळी देऊन झोपवायचं नाही. गल्लीतल्या दोन रिक्षावाल्यांशी आधीच बोलून ठेवा आणि त्यांचे नंबर दारामागे लिहा. १०८ आहेच, पण मेडिकल इतकं जवळ असताना रिक्षा लवकर पोचते. आणि घरात खर्रा नाही. हा नियम रुग्णापेक्षा सोबत्याला जास्त सांगावा लागतो. तोंडाला पट्टी बांधलेल्या भावाशेजारी बसून खर्रा मळणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यावर रागावू नका, पण त्यांनाही तपासणीला नक्की पाठवा.

सोबत आलेल्या धाकट्या भावंडांकडे कोणाचं लक्ष नसतं. दीड-दोन महिने ती अंगणात नुसती भटकतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. जवळच्या महापालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, मूल तेवढे दिवस वर्गात बसेल. त्याला दुपारचं जेवण मिळेल आणि आईला चार तास मोकळे मिळतील.

कागदपत्रांविषयी. घर आईच्या नावावर असेल तर आधी तिघाही वारसांची नावं लागू द्या आणि तिघांची लेखी संमती घ्या. बायका-मुलांशीही बोला. संस्था नोंदवा, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. पण घर लगेच संस्थेला दान करू नका. एकदा मालमत्ता ट्रस्टची झाली की ती विकायला किंवा तीन वर्षांहून जास्त काळ भाड्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. आधी घर संस्थेला वापरायला द्या, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सनं. दोन-तीन वर्षं काम चालवून बघा, मग ठरवा. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचं नाव, गाव, आधारची झेरॉक्स, रुग्णालयाची चिठ्ठी वहीत ठेवा आणि यादी पोलीस ठाण्यात देत जा. कुटुंबालाही एक कागद द्या, ज्यावर ही खोली उपचारांपुरती, विनाभाडे दिली आहे असं लिहिलेलं असेल. शेजाऱ्यांना आधी घरी बोलावून चहा पाजा आणि सगळं सांगा. कॅन्सर लागतो असं अजूनही कोणाला तरी वाटत असतं, ते तिथेच दूर झालेलं बरं. देणगी रोख घ्यायची असेल तर लक्षात ठेवा, दोन हजारांवरच्या रोख रकमेला देणगीदाराला आयकरात सूट मिळत नाही.

देणगीदार जुने कपडे घेऊन येतील. नको म्हणा. चादरी, टॉवेल, मच्छरदाण्या नव्या मागा. कोणाला वाढदिवसाला येऊन फळं वाटायची असतील आणि फोटो काढायचे असतील तर फळं ठेवून घ्या, फोटो नाही. टक्कल पडलेल्या मुलीचा फोटो तिच्या गावात पोचतो आणि पुढे तिच्या लग्नापर्यंत तिच्यामागे जातो.

एक रक्कम बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. आम्ही तिला ‘परतीचे पैसे’ म्हणतो. बरं होऊन जाणाऱ्याला त्यातून एसटीचं भाडं, महिनाभराची औषधं आणि पुढच्या तारखेचा कागद मिळतो. आणि जे बरे होत नाहीत, त्यांच्यासाठी शववाहिका. गडचिरोलीच्या टोकाला असलेल्या सिरोंच्यापर्यंत शव न्यायचं म्हणजे सगळी रात्र जाते आणि भाडं ऐकून माणसं सुन्न होतात. तेव्हा त्यांच्याकडून काही विचारून घेऊ नका. गाडी तुम्ही ठरवा, पैसे तुम्ही द्या, सोबत पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं द्या. त्यांची भांडीकुंडी, गाठोडं, उरलेला तांदूळ नीट बांधून गाडीत ठेवा. काही मागे राहिलं तर ते न्यायला ती माणसं पुन्हा नागपूरला यायची नाहीत.

सुरुवात पावसाळा संपल्यावर करा, एकाच कुटुंबापासून. दोन महिने एकच. तेवढ्यात नळ, गॅस, शेजार आणि तुमची तिघांची पाळी, सगळं कळेल. तुम्हा तिघांपैकी एकानं रोज संध्याकाळी अर्धा तास तिथे जाऊन बसायचं आहे, फक्त बोलायला. ते जमणार नसेल तर आधी पगारी माणूस बघा, मगच दार उघडा.

राहिला फलक. आईचं नाव जरूर लावा. त्याखाली ‘गरजू’, ‘निराधार’, ‘कॅन्सर’ यातला एकही शब्द नको आणि देणगीदारांची यादीही नको. तिचं नाव आणि घर नंबर, ठळक अक्षरांत. मेडिकल चौकातून रिक्षावाल्याला सांगायला तेवढं पुरतं.